क्षयरोग

क्षयरोग : मायकोबॅक्टिरियम ट्युबर्क्युलोसिस या दंडाणूमुळे (दंडाच्या आकाराच्या सूक्ष्मजंतूमुळे) होणाऱ्या, हवेवाटे पसरणाऱ्या व बहुधा चिरकारी (दीर्घकाळ चालणाऱ्या) संसर्गजन्य रोगाला ‘क्षयरोग’ म्हणतात. हा रोग मुख्यतः फुप्फुसांत होतो. तथापि केस व नखे सोडून शरीराच्या कोणत्याही भागात तो होऊ शकतो. रोगी हळूहळू झिजत जातो, यावरून त्यास ‘क्षय’ हे नाव पडले. जुन्या मराठीत ‘कफक्षय’ हा शब्द रूढ होता. आज ‘टीबी’ हे संक्षिप्त नाव खेडोपाडी परिचित आहे. योग्य औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घेतल्यास हा रोग बहुतेक सर्व रुग्णांत पूर्णपणे बरा होतो. असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना हा रोग झाला व सुमारे १२ लाख ५० हजार लोक त्याने मरण पावले. नव्या रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के भारतातील होते. रोगाचे कारण, निदान व उपाय ज्ञात असताना हे मृत्यू का घडतात, हा क्षयरोगासंबंधीचा आजचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर औषधशास्त्राइतकेच रुग्णाच्या राहणीत व रोजगारातही शोधावे लागते. या दृष्टीने महाराष्ट्रातील अहमदनगर जिल्ह्याची (२०२४ पासून अहिल्यानगर) परिस्थिती बोधप्रद असून तिचा विचार नोंदीच्या अखेरीस केला आहे.

इतिहास : क्षयरोग अतिप्राचीन आहे. ईजिप्तमधील ममींच्या पाठीच्या कण्यात त्याच्या खुणा आढळल्या आहेत. आयुर्वेदात या रोगाचे वर्णन ‘राजयक्ष्मा’, ‘शोष’ व ‘क्षय’ या नावांनी आले आहे. दक्ष प्रजापतीच्या कन्यांपैकी एकट्या रोहिणीवर आसक्त झालेल्या चंद्राला दक्षाच्या कोपामुळे हा रोग जडला, अशी कथा चरकसंहितेत दिली आहे. शक्तीबाहेरचे श्रम (साहस), मलमूत्रादी वेगांचे धारण, धातूंचा क्षय व विषम आहार ही रोगाची चार कारणे त्या ग्रंथात सांगितली आहेत. त्या काळी जंतूंची कल्पना नसली, तरी अतिश्रम व अपुरे अन्न यांचा या रोगाशी असलेला संबंध प्राचीन वैद्यांच्या ध्यानात आला होता, हे उल्लेखनीय आहे.

हा रोग एका प्राण्यापासून दुसऱ्यास देता येतो, हे झां आंत्वान व्हिलमँ या फ्रेंच वैद्याने १८६५ साली प्रयोगाने दाखविले. रोबर्ट कॉख या जर्मन सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयरोगाच्या दंडाणूचा शोध जाहीर केला. याबद्दल त्यांना १९०५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. २४ मार्च हा दिवस आता ‘जागतिक क्षयरोग दिन’ म्हणून पाळला जातो.

जंतूचा शोध लागला, तरी त्याला मारणारे औषध त्यानंतर सु. ६० वर्षे उपलब्ध नव्हते. या काळात मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार हेच उपाय होते व त्यांसाठी आरोग्यधामे उभारली गेली. महाराष्ट्रात पाचगणी व मिरजेजवळील वानलेसवाडी येथील आरोग्यधामे प्रसिद्ध होती. अमेरिकेत १८८६ साली वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी क्षयरोगाने पुणे येथे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी मरण पावल्या. त्या वेळी त्यांना वयाची २२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या मृत्यूच्या पाच वर्षे आधी रोगाचा जंतू सापडलेला होता. पण कोणत्याही देशातील वैद्य त्यांना बरे करू शकला नसता.

सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत ॲल्बर्ट शॅट्झ यांनी १९४३ साली स्ट्रेप्टोमायसीन हे प्रतिजैविक औषध वेगळे केले. त्यानंतर पॅरा-ॲमिनोसॅलिसिलिक अम्ल, १९५२ साली आयसोनियाझीड व १९६० नंतरच्या दशकात एथँब्युटॉल आणि रिफँपिसीन ही औषधे आली. रोग घरी राहूनच बरा होईल की नाही, याची पाहणी मद्रास (आता चेन्नई) येथील केंद्रात १९५६ पासून करण्यात आली. दाटीवाटीच्या घरांत राहणारे व निकृष्ट आहार घेणारे रुग्णही औषधे नियमित घेतल्यास आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात आणि घरच्या माणसांना त्यांच्यापासून अधिक धोका पोहोचत नाही, असा निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाला. या पाहणीमुळे आरोग्यधामांचे युग जगभर संपुष्टात येऊ लागले.

जंतू व प्रसार : क्षयरोगाचा दंडाणू सु. २ ते ४ मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा एक हजारावा भाग) लांबीचा असतो. त्याच्या आवरणात मेणासारखे पदार्थ भरपूर असल्यामुळे त्याला दिलेला रंग अम्लाने धुऊनही निघत नाही. म्हणून त्याला ‘अम्लस्थिर’ म्हणतात. बहुतेक सूक्ष्मजंतूंचे विभाजन २० ते ३० मिनिटांत होते. क्षयदंडाणूला मात्र त्यासाठी १५ ते २० तास लागतात. रोग सावकाश वाढतो, संवर्ध (कृत्रिम रीत्या केलेली जंतूंची वाढ) मिळण्यास काही आठवडे लागतात व औषधे अनेक महिने घ्यावी लागतात, या सर्वांच्या मुळाशी जंतूची ही मंद गती आहे.

फुप्फुसाचा क्षयरोग झालेली व्यक्ती खोकते, शिंकते वा मोठ्याने बोलते तेव्हा अतिसूक्ष्म तुषार हवेत उडतात. त्यांतील पाणी उडून गेल्यावर उरलेले जंतुयुक्त कण बंद जागेत पुष्कळ वेळ तरंगत राहतात व श्वासाबरोबर दुसऱ्याच्या फुप्फुसात खोलवर जातात. उपचार न झालेला असा एक रुग्ण वर्षभरात सु. १० ते १५ व्यक्तींना संसर्ग पोहोचवू शकतो. सूर्यप्रकाशात हे जंतू लवकर मरतात. अंधाऱ्या, कोंदट व दाटीच्या घरांत मात्र प्रसाराला अनुकूल परिस्थिती असते. ताटवाटी, कपडे, हस्तांदोलन किंवा एकत्र जेवण यांमुळे हा रोग पसरत नाही. तो आनुवंशिकही नाही. एकाच कुटुंबात अनेकांना होतो, याचे कारण एकाच छपराखालील सहवास हे होय. गायीम्हशींना होणाऱ्या क्षयरोगाचे जंतू कच्च्या दुधावाटे माणसाच्या शरीरात शिरू शकतात. दूध उकळून पिण्याच्या प्रथेमुळे भारतात हा मार्ग कमी महत्त्वाचा ठरला आहे.

संसर्ग आणि रोग : जंतूचा संसर्ग होणे व रोग होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वायुकोशांत शिरलेल्या जंतूंना शरीरातील महाभक्षी कोशिका गिळतात व त्यांच्याभोवती कोशिकांचा वेढा पडून बारीक गाठ तयार होते. तिला ‘गुलिका’ म्हणतात. संसर्ग झालेल्या सु. ९० टक्के व्यक्तींत जंतू या गाठींत जन्मभर सुप्त राहतात. अशी व्यक्ती आजारी नसते व इतरांना संसर्गही देत नाही. उरलेल्या ५ ते १० टक्क्यांत जंतू केव्हा तरी वरचढ होतात. हा धोका संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्हीचा संसर्ग, तंबाखूचे धूम्रपान, मद्यासक्ती व दगडाच्या धुळीने होणारा सिलिकामयता हा फुप्फुसाचा विकार यांमुळे तो वाढतो. भारतात यांपैकी कुपोषणाचा वाटा फार मोठा आहे.

रोग वाढू लागला म्हणजे गुलिका एकमेकींत मिसळतात व त्यांचा मध्यभाग मृत होऊन दह्याच्या चोथ्यासारखा होतो. हा चोथा श्वासनलिकेत फुटून खोकल्यावाटे बाहेर पडला की, फुप्फुसात विवर (पोकळी) उरते. विवरात हवा खेळती असल्यामुळे जंतूंची संख्या कोट्यवधींवर जाते. असा रुग्ण समाजाच्या दृष्टीने सर्वांत संसर्गकारक असतो. जंतू रक्तावाटे सर्व शरीरात पसरल्यास अनेक इंद्रियांत बाजरीच्या दाण्याएवढ्या असंख्य गुलिका तयार होतात. हा प्रकार अतिशय गंभीर असतो.

लक्षणे : फुप्फुसाच्या क्षयरोगाचे प्रमुख लक्षण म्हणजे दोन आठवडे वा अधिक काळ टिकणारा खोकला. तो प्रथम कोरडा असतो व पुढे बेडका पडू लागतो. संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम सुटणे, भूक मंदावणे, वजन घटणे, थकवा व छातीत दुखणे ही इतर लक्षणे होत. कधीकधी थुंकीतून रक्त पडते. मात्र रक्त पडल्याशिवाय क्षयरोग नसतोच, ही समजूत चुकीची असून तिच्यामुळे अनेक रुग्ण तपासणीस उशिरा येतात. आरंभी लक्षणे इतकी सौम्य असतात की, खोकला तंबाखूमुळे आहे व अशक्तपणा कामामुळे आहे, असे मानून रुग्ण दिवस ढकलतो.

भारतातील सु. एक पंचमांश ते एक चतुर्थांश रुग्णांत रोग फुप्फुसाबाहेर असतो. मानेतील लसीका ग्रंथी सुजून व फुटून वाहू लागतात, त्यास ‘गंडमाळा’ म्हणतात. फुप्फुसावरणात पाणी साचल्यास धाप लागते. पाठीच्या मणक्यात रोग झाल्यास पाठ दुखते, कुबड येते व मज्जारज्जूवर दाब पडून पाय लुळे पडू शकतात. आतडे, मूत्रपिंड, सांधे व त्वचा यांतही रोग होतो. स्त्रियांच्या अंडवाहिन्यांत झालेला क्षयरोग वंध्यत्वाचे एक कारण असते. मस्तिष्कावरणाचा (मेंदूवरील आवरणाचा) क्षयरोग विशेषतः बालकांत आढळतो. ताप, वांत्या, चिडचिड व पुढे बेशुद्धी ही त्याची लक्षणे असून तातडीने उपचार न झाल्यास तो प्राणघातक ठरतो. लहान मुलांत खोकल्यापेक्षा वजन न वाढणे वा घटणे, रेंगाळणारा ताप व घरात क्षयरुग्ण असणे या गोष्टी अधिक सूचक असतात.

निदान : केवळ लक्षणांवरून अथवा केवळ क्ष-किरण चित्रावरून क्षयरोग निश्चित होत नाही. क्ष-किरण चित्रातील छाया न्यूमोनिया, जुने व्रण किंवा कर्करोग यांमुळेही असू शकते. निश्चित निदानासाठी जंतू दाखविणे आवश्यक असते. त्याचा सर्वांत जुना व स्वस्त मार्ग म्हणजे थुंकीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. झील-नेल्सन पद्धतीने रंगविलेल्या काचपट्टीवर क्षयदंडाणू निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांसारखे दिसतात. ही पद्धती सोपी असली, तरी एक मिलिलिटर थुंकीत सु. ५,००० ते १०,००० जंतू असल्याशिवाय ते तिच्यात दिसत नाहीत. त्यामुळे काही रुग्ण निसटतात.

तपासणीचे यश नमुन्यावर अवलंबून असते. दोन नमुने घेतात : एक भेटीच्या वेळी व दुसरा पहाटे उठल्यावर. रुग्णाने साध्या पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन वेळा दीर्घ श्वास घ्यावा व छातीतून जोराने खोकून आलेला बेडका डबीत द्यावा. तोंडातील नुसती लाळ तपासणीस निरुपयोगी असते. नमुना देण्याचे काम मोकळ्या जागेत, इतरांपासून दूर करावे.

जंतूंच्या आनुवंशिक द्रव्याचा शोध घेणाऱ्या यांत्रिक चाचण्यांमुळे निदानात मोठी सुधारणा झाली आहे. ‘सीबीनॅट’ ही चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मान्य केली. गोव्यातील एका कंपनीने विकसित केलेली व बॅटरीवर चालणारी ‘ट्रूनॅट’ ही चाचणी २०२० साली मान्य झाली. या चाचण्यांत काही तासांत जंतूचे अस्तित्व तर कळतेच; शिवाय तो रिफँपिसिनाला दाद देईल किंवा नाही, हेही समजते. संवर्ध तपासणी सर्वांत संवेदनशील आहे. परंतु तिचा निकाल येण्यास दोन ते आठ आठवडे लागतात. फुप्फुसाबाहेरील रोगात गाठीतील वा पोकळीतील द्रव अथवा ऊतकाचा (समान कोशिकांच्या समूहाचा) तुकडा तपासतात.

ट्युबर्क्युलिनाच्या त्वचाचाचणीत (मांतू चाचणीत) हाताच्या त्वचेत अल्प द्रव टोचून ४८ ते ७२ तासांनी येणारा फुगवटा मोजतात. तिच्यावरून संसर्ग झाल्याचे कळते. रोग आहे की नाही हे कळत नाही. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयरोग ओळखण्याच्या चाचण्या अविश्वसनीय ठरल्यामुळे भारत सरकारने २०१२ साली त्यांवर बंदी घातली. निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही व मधुमेह यांसाठीही तपासणी करतात.

चिकित्सा : उपचार न केल्यास काय होते, याची पाहणी बंगलोर (आता बंगळुरू) येथील राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने १९६१ ते १९६८ या काळात ग्रामीण भागात केली. थुंकीत जंतू असलेल्या रुग्णांपैकी सु. निम्मे पाच वर्षांत मरण पावले, सु. एक तृतीयांश आपोआप बरे झाले व उरलेले रोगी राहून जंतू पसरवीत राहिले.

आजच्या चिकित्सेत एकाच वेळी अनेक औषधे देतात. पहिल्या दोन महिन्यांच्या तीव्र टप्प्यात आयसोनियाझीड, रिफँपिसीन, पायराझिनामाइड व एथँब्युटॉल ही चार औषधे आणि पुढील चार महिन्यांच्या अनुवर्ती टप्प्यात पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे, अशी एकूण किमान सहा महिने मुदत असते. रुग्णाच्या वजनाप्रमाणे ठरविलेल्या संयुक्त गोळ्या रोज घ्यावयाच्या असतात. मस्तिष्कावरण, मणके वगैरेंच्या क्षयरोगात मुदत वाढवितात.

अनेक औषधे एकत्र देण्यामागील तत्त्व महत्त्वाचे आहे. विवरातील कोट्यवधी जंतूंपैकी काही थोडे जंतू स्वभावतःच एखाद्या औषधाला दाद देत नाहीत. आयसोनियाझिडाच्या बाबतीत हे प्रमाण सु. दहा लाखांत एक व रिफँपिसिनाच्या बाबतीत सु. दहा कोटींत एक असते. एकच औषध दिल्यास इतर सर्व जंतू मरतात आणि हे थोडे जंतू वाढून रोग पुन्हा उसळतो. दोन्ही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू स्वभावतः आढळणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून औषधे एकत्र दिल्यास एकाच्या तावडीतून सुटलेला जंतू दुसऱ्याने मरतो.

मुदत दीर्घ असण्याचेही कारण आहे. वेगाने वाढणारे बहुसंख्य जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात. त्यामुळे ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढते व रुग्णाची संसर्गकारकताही झपाट्याने कमी होते. परंतु मंदगतीने जगणारे किंवा अधूनमधूनच वाढणारे थोडे जंतू शिल्लक असतात व त्यांचा नाश होण्यास पुढचे महिने लागतात. रुग्णाला बरे वाटू लागण्याचा काळ व रोग खरोखर बरा होण्याचा काळ यांत चार महिन्यांचे अंतर असते. क्षयरोग नियंत्रणातील बहुतेक अपयश याच अंतरात घडते.

औषधांचे काही अनिष्ट परिणाम होऊ शकतात. रिफँपिसिनामुळे लघवी नारिंगी रंगाची होते. ते निरुपद्रवी असते, हे रुग्णाला आधीच सांगणे आवश्यक आहे. मळमळ, सांधेदुखी व हातापायांना मुंग्या येणे यांवर उपाय करता येतात. मुंग्यांसाठी पिरिडॉक्सीन (ब६ जीवनसत्त्व) देतात. कावीळ झाल्यास किंवा दृष्टी मंद झाल्यास मात्र तत्काळ वैद्याकडे जावे लागते. औषधे परस्पर बंद करणे किंवा त्यांपैकी काहीच घेणे धोक्याचे असते. मधुमेह, गर्भारपण अथवा स्तन्यपान यांमुळे क्षयरोगाची चिकित्सा थांबवीत नाहीत.

औषधरोध : अर्धवट, अनियमित किंवा अयोग्य उपचारांमुळे औषधांना दाद न देणारे जंतू शिल्लक राहतात व पुढे इतरांनाही त्यांचाच संसर्ग होतो. आयसोनियाझीड व रिफँपिसीन या दोहोंना दाद न देणाऱ्या रोगास ‘बहुऔषधरोधी क्षयरोग’ म्हणतात. त्याच्या उपचाराला पूर्वी दीड ते दोन वर्षे लागत व रोज इंजेक्शनेही घ्यावी लागत. बेडाक्विलीन या औषधाचा समावेश असलेली सहा महिन्यांची, केवळ तोंडाने घ्यावयाची चिकित्सा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली शिफारस केली व भारत सरकारने २०२४ साली मान्य केली.

प्रतिबंध : संसर्गकारक रुग्ण लवकर शोधून त्याला बरा करणे हाच प्रतिबंधाचा मुख्य उपाय होय. खोकताना तोंडावर रुमाल धरणे, खिडक्या उघड्या ठेवणे व उघड्यावर न थुंकणे या सवयी उपयुक्त आहेत. आल्बेर कॅल्मेट व कामीय गेरँ यांनी तयार केलेली बीसीजी लस प्रथम १९२१ साली वापरली गेली. भारतात ती जन्मतः देतात. बालकांतील मस्तिष्कावरणाचा व सर्व शरीरात पसरणारा क्षयरोग यांपासून ती संरक्षण देते. प्रौढांतील फुप्फुसाच्या क्षयरोगापासून मात्र तिचे संरक्षण भरवशाचे नाही. तमिळनाडूतील चिंगलपट येथे १९६८ पासून केलेल्या मोठ्या पाहणीत हेच आढळले. रुग्णाच्या घरातील सर्व व्यक्तींची तपासणी करून ज्यांना रोग नाही त्यांना प्रतिबंधक औषध देतात. आहाराचे महत्त्व झारखंडमध्ये केलेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने स्पष्ट केले : रुग्णांच्या कुटुंबीयांना पुरेसे धान्य व डाळ दिल्याने त्यांच्यातील क्षयरोगाचे प्रमाण सु. ३९ टक्क्यांनी घटले.

राष्ट्रीय कार्यक्रम : कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात केलेली एक पाहणी १९६३ साली प्रसिद्ध झाली. क्षयरोग्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक लक्षणे जाणवल्यामुळे आधीच उपचार मागण्यास गेले होते, असे तिच्यात आढळले. पण बहुतेकांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठविण्यात आले होते. रुग्ण अज्ञानामुळे येत नाही, हा समज या पाहणीने खोटा ठरविला. सर्वसाधारण दवाखान्यांतच थुंकी तपासणीची सोय करावी, या तत्त्वावर १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला व जिल्हा क्षयरोग केंद्रे निघाली. रुग्णांनी औषधे अर्ध्यावर सोडण्याचे प्रमाण मोठे राहिल्याने १९९७ पासून कार्यकर्त्यासमक्ष औषध देण्याची ‘डॉट्स’ पद्धती अवलंबिली गेली व २००६ पर्यंत ती देशभर पोहोचली. २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाला कळविणे खाजगी वैद्यांनाही बंधनकारक झाले. २०१७ साली आठवड्यातून तीनदा औषधे देण्याऐवजी ती रोज देण्याची पद्धती सर्वत्र आली. कार्यक्रमाचे नाव २०२० पासून ‘राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रम’ असे आहे. तपासणी व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली.

अहमदनगर जिल्ह्यातील अनुभव : क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात १४ तालुके आहेत. उत्तरेकडील प्रवरा खोरे बागायती असून तेथे १९५० साली सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. दक्षिणेचे व पूर्वेचे बरेच तालुके मात्र अवर्षणप्रवण आहेत. एकाच जिल्ह्यात ऊस पिकविणारी गावे व ऊस तोडण्यासाठी बाहेर पडणारी गावे आहेत. क्षयरोगाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्याच्या ठिकाणी डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली ‘समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ सुरू केला. प्रारंभी परिचारिका गावोगावी नेमण्याचा प्रयत्न झाला. परंतु परक्या ठिकाणी एकटीने राहणे त्यांना कठीण गेले व गावानेही त्यांना सहज स्वीकारले नाही. त्यानंतर गावाने स्वतः निवडलेल्या, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांना दर आठवड्यास जामखेड येथे बोलावून आरोग्यसेविकेचे शिक्षण देण्यात आले. क्षयरोग व कुष्ठरोग यांसाठी निराळी यंत्रणा न ठेवता बाळंतपण, बालसंगोपन व पाणीपुरवठा यांच्याच जोडीने ही कामे करण्यात आली. यामुळे दोन गोष्टी साधल्या. एक म्हणजे, खोकणारा माणूस कोण व औषध कोणी बंद केले, हे शेजारच्याच स्त्रीला आपोआप कळत असे. दुसरी म्हणजे, तिच्या घरी येण्याने रुग्णावर क्षयरोगी असा शिक्का बसत नसे. कारण ती प्रत्येकाच्याच घरी जात असे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या लोकसहभागी आरोग्यकार्यावरील ग्रंथात या प्रकल्पाचा समावेश झाला आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशात २००५ पासून नेमल्या गेलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्यांची कल्पनाही याच जातीची आहे. गावातील क्षयरुग्णाला औषध पोहोचविणे व त्याची विचारपूस करणे हे आज बहुधा त्यांच्याकडे असते.

गावातील स्त्रीच्या देखरेखीची ही पद्धती रुग्ण गावात असेल तोपर्यंतच उपयोगी पडते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड इ. भागांतील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडणीला जातात व हंगाम संपल्यावर, बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत, परततात. हा काळ जवळजवळ क्षयरोगाच्या चिकित्सेच्या मुदतीएवढाच आहे. हंगामापूर्वी निदान झालेल्या मजुराचे उपचार परमुलखात, पाचटाच्या कोपीत राहून पुरे करावे लागतात. तोडणीचे काम नवराबायकोच्या जोडीने (कोयत्याने) चालते. एकाने सुट्टी घेतली तर दोघांची मजुरी बुडते व उचल फिटत नाही. तोडणी पहाटे सुरू होते, तर दवाखाना दिवसा उघडा असतो. दोन महिन्यांनी अंगात शक्ती आली की, औषधासाठी दिवस घालविणे मजुराला परवडेनासे होते. अतिश्रम, अपुरे अन्न, धूर व दाटीची वस्ती ही रोगाला पोषक कारणेही याच जीवनक्रमात एकत्र येतात.

यावरील उपाय साधे आहेत. पण ते हंगामापूर्वी करावे लागतात. गाव सोडण्याआधी खोकला असणाऱ्यांची थुंकी तपासावी. रुग्णाने आपण कोणत्या कारखान्याच्या परिसरात जाणार, हे आरोग्य केंद्रात सांगावे. राष्ट्रीय कार्यक्रमातील ‘निक्षय’ या संगणकीय नोंदवहीत (सुरुवात २०१२) रुग्णाला क्रमांक दिलेला असतो. त्यावरून त्याची नोंद दुसऱ्या ठिकाणी वर्ग करता येते व तेथील सरकारी केंद्रातून औषधे विनामूल्य मिळतात. प्रवासाच्या दिवसांपुरत्या गोळ्या बरोबर द्याव्यात. कुटुंबातील मुलांची तपासणी करून प्रतिबंधक औषध द्यावे. रुग्णाचा क्रमांक, औषधांची नावे व सुरू केल्याची तारीख असलेला कागद घरातील दोघांजवळ असावा.

साध्यासाध्यता : औषधांना दाद देणारा क्षयरोग वेळीच ओळखून सहा महिने उपचार केल्यास सामान्यतः पूर्ण बरा होतो. बरा झालेला माणूस सर्व कामे करू शकतो व विवाहास आणि अपत्यप्राप्तीस सामान्यतः कोणतीही आडकाठी राहत नाही. निदानास उशीर झाल्यास फुप्फुसाचा नाश झालेला भाग मात्र परत येत नाही व धाप कायम राहू शकते. रोग लपविण्याची प्रवृत्ती, विशेषतः तरुण मुली व नवविवाहित स्त्रियांच्या बाबतीत, अद्याप आढळते व तिच्यामुळे हाच उशीर घडतो. क्षयरोगाची साध्यासाध्यता आता मुख्यतः पुढील गोष्टींवर अवलंबून असते : खोकला किती दिवस दुर्लक्षिला गेला आणि बरे वाटू लागल्यावरही औषध शेवटच्या दिवसापर्यंत घेणे रुग्णाला शक्य झाले की नाही.